चौथ्या गोळीचं नाव

बाई,

तुम्ही गेल्यापासून सकाळी मला कोणी "हात दाखव" म्हणत नाही.

आजही चूल पेटली, चहा उकळला, तुमच्या भावानं बैल सोडले. सगळं रोजच्यासारखं झालं, अन मी ओसरीच्या खांबापाशी बाह्या वर करून उभी राहिले. मग लक्षात आलं, पाहणारंच कोणी नाही. माझं मलाच हसू आलं. मी बरी होऊन एवढी वर्षं झाली, तरी तुम्ही रोज सकाळी माझे हात उलटेसुलटे करून पाहायच्या. डास चावला असला तरी बोट ठेवून विचारायच्या, "हे काय वं, इंदू?" मी मनातल्या मनात चिडायची. आता हात आपोआप पुढं येतात.

समोर बोलायची माझी कधी छाती झाली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत मास्तर नाव विचारायचे तर मी पाटीवर लिहून दाखवायची. चौथीनंतर तेही सुटलं. म्हणून आज लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आता तुम्ही जिथं आहात तिथं कोणी ना कोणी वाचून दाखवेलच. तुम्ही कोणाला सोडणाऱ्या नाहीत.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा फुलसावंगीच्या बाजारात एका बाईनं माझ्या मायला सांगितलं होतं, "पोरीची सासू नाई म्हून खुश नोको होऊ. घरात नणंद हाये." राजूरकडच्या तुमच्या सासरी नवरा खाणीच्या कामावर होता. तो गेल्यावर तुम्ही भावाकडं आल्या अन मग इथंच राहिल्या. घर तुमचं, वावर तुमचं, भाऊ तर तुमचाच. मला पहिल्यांदा पाहून तुम्ही एवढंच म्हणालात, "हे बोलते का मुकी हाये?" मी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. तुम्ही म्हणालात, "बरं हाये. या घरात बोलाले मी पुरतो."

मग मला तो खोकला लागला. ताप यायचा, अंगावरचं मांस उतरलं. गावात औषधं देणाऱ्या आशाताईनं थुंकी तपासायला नेली अन टीबी निघाला. बायका आपल्या ओसरीवर बसायला यायच्या, त्या कमी झाल्या. तुम्ही माझं ताट वेगळं केलं नाही. उलट वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "गोळ्या चालू हायेत आमच्या इंदूच्या! ज्याले भेव वाटते त्यानं आपल्या घरी बसावं!" मला भुईत शिरावंसं वाटलं. त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते, हे आशाताईनं मला सांगून ठेवलं होतं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही तेही गावभर सांगितलं. कौतुकानं सांगितलं, हे मला आता कळते. तेव्हा मी आठ दिवस विहिरीवर गेले नाही.

गोळ्यांनी खोकला दबला. भूक लागायला लागली. अन एक दिवस पुन्हा ताप चढला. छातीवर लाल पुरळ उठलं, तिथून गळ्यावर, तोंडावर आलं. ओठ सुजले, तोंडात फोड आले. तुम्ही माझं तोंड उजेडाकडं वळवून पाहिलं अन हात जोडले.

"माता आली," तुम्ही म्हणालात.

घरात माता आली की काय करायचं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको होतं. दाराला कडुनिंबाच्या फांदीचा डगळा लागला. फोडणी बंद झाली. घरात कोणी तेल लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. तुमचा भाऊ बिनफोडणीचं वरण खाऊन खाऊन कंटाळला. एकदा हळूच म्हणाला, "बाई, जराशी मोहरी?" तुम्ही असं पाहिलं की त्यानं ताट धुवून टाकलं. अन माता अंगात असताना औषध द्यायचं नाही, तिचा कोप होते, म्हणून माझ्या टीबीच्या गोळ्या तुम्ही फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवून दिल्या.

आशाताई तेव्हा माहेरी गेल्या होत्या. आल्या त्या सरळ घरी आल्या. माझे डोळे उघडत नव्हते, पण कान चालू होते. त्या दिवशीचं तुमचं दोघींचं बोलणं मला शब्दानं शब्द आठवते.

"बाई, हे माता नोहे. गोळ्यांचं वावडं हाये तिले."

"तू काल आली अन मले माता शिकवते?"

"डोळे पाहा तिचे. पिवळे झाले. यवतमाळले न्या लागते, आत्ताच्या आत्ता. इथं ठेवली त जाईन हातातून."

"माता अंगात असताना शीव ओलांडत नाई बाई कोणी. उलटली त?"

"अन मेली त?"

बाई, तुम्ही गप्प बसल्याचं मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ठरलं. माझं मरण ठरलं. मी तोंड उघडून काही सांगावं तर ओठ हलत नव्हते, अन हलले असते तरी मी काय बोलली असती!

तुम्ही उठलात. तुमच्या वहाणांचा आवाज ओसरीवरून अंगणात गेला, अंगणातून रस्त्यावर गेला. बऱ्याच वेळानं परत आला. तुम्ही म्हणालात, "गाडी बोलाव वं, आशा. मातामायले विचारून आली. तिलेबी सोबत नेऊ."

अशी ती आपली गाडी निघाली. मी आडवी, उशाशी तुम्ही, तुमच्या एका हातात कडुनिंबाचा डगळा अन दुसऱ्या हातात गावदेवी मातामायच्या ओट्यावरचा कुंकू लावलेला खडा. प्रत्येक गावच्या शिवेवर तुम्ही खड्याला सांगायच्या, "चाल माय, अजून पुढं जाचं हाये." महागाव गेलं, आर्णी आली. गाडीवाला शेवटी म्हणाला, "आजी, तुमच्या मातेले उलटी त नाई होत गाडीत?"

"तू पुढं पाहून चालव रे," तुम्ही म्हणालात. "तिले घाई हाये."

माझा ओठ फाटला होता, तरी मला हसू आलं. ओठातून रक्त आलं, ते तुम्ही पदरानं पुसलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग डगळा पाहिला. "हे काय आणलंत आजी?"

"माता हाये तिच्या अंगात. एकटी कशी सोडाव?"

त्या हसल्या नाहीत. डगळा खिडकीबाहेर ठेवायला सांगितला, खडा तुमच्यापाशी राहू दिला. मग विचारलं, "टीबीच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तुमच्या भावानं मान खाली घातली. आता शिव्या बसणार, असं त्याला वाटलं. तुम्ही मात्र ताठ उभ्या राहून सांगितलं, "माता आली त्या दिवशीपासून. म्याच बंद केल्या. दवाखान्यात अन देवापुढं खोटं बोलू नाई."

"बंद केल्या ते फार बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे गोळ्यांमुळंच झालं आहे. चालू ठेवल्या असत्या तर हिला वाचवणं अवघड होतं."

"आयकलं?" तुम्ही भावाला म्हणालात.

इथं बाई, आपलं ते कधी न मिटलेलं भांडण सुरू होते. मी त्यात कधी बोलले नाही, तरी ते भांडणच होतं. कारण डॉक्टरीणबाई पुढंही बोलल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "पण इथं आणायला उशीर केलात. पुरळ दिसलं तेव्हाच यायला पाहिजे होतं." हे तुम्हाला कधी ऐकूच आलं नाही. पुढं किती वर्षं तुम्ही ती गोष्ट सांगितली! पोळ्याला सांगितली, लग्नात सांगितली, कापूस वेचताना या ओळीतून त्या ओळीत ओरडून सांगितली. "म्या बंद केल्या गोळ्या! डॉक्टरीन बोलली, बरं केलं!" अन दर वेळी गोष्ट तिथंच संपायची. मी पाठीमागं ओटीत कापूस भरत मनात म्हणायची, बाई, उरलेली अर्धी सांगा ना. आज ती मी लिहून टाकली. आता मन हलकं झालं. तुमची अर्धी खरी होती अन माझी अर्धीही खरी होती.

ताप उतरला. डोळ्यांचं पिवळेपण गेलं. अंगाची कातडी सापाच्या कातीसारखी निघाली अन खालून नवी आली. तुम्ही म्हणालात, "पाह्य, गोरी झाली." अन मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की टीबी अजून आत आहे, औषध पुन्हा सुरू करावं लागेल.

तुम्ही पिशवी भरायला घेतली.

"ज्या बिळातून साप निंगाला त्याच बिळात पुन्हा हात घालाव का? चाल रे, घरी चाल. घे तिची चादर."

तुमच्या भावानं चादर उचलली. तो तुमच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की त्या एका गोळीत चार औषधं असतात, चारही वाईट नसतात, वेगळी वेगळी करून एकेक थोडं थोडं देऊन पाहू, दवाखान्यातच ठेवू, लक्ष ठेवू. तुम्ही ऐकत नव्हत्या. पिशवीत ग्लास गेला, फणी गेली, मातामायचा खडा गेला.

"मी नाई येत."

हे कोण बोललं म्हणून मीही इकडंतिकडं पाहिलं. सगळ्या वार्डानं माना वळवल्या. सिस्टर हातातलं इंजेक्शन तसंच धरून उभी राहिली.

"बाई, मी नाई येत. तुमी जा. मले गोळ्या घ्याच्या हायेत. मले जगाचं हाये."

लग्न झाल्यापासून तुमच्यापुढं बोललेलं ते माझं पहिलं सलग बोलणं. मला वाटलं, आता या घरातून मी उठले. टीबीनं नाही तर नणंदेच्या तोंडानं मरणार.

तुम्ही पिशवी खाली ठेवली. खाटेच्या कडेला बसलात. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अन म्हणालात, "एवढा आवाज होता वं तुह्यात? मंग वावरात भाकर आणते तवा धुऱ्यावर उभी राहून हाक काहून नाई मारत? आम्ही उपाशी अन तू मुकी!"

सगळा वार्ड हसला. तुमच्या भावानं चादर परत अंथरली. ही गोष्टही तुम्ही पुढं गावभर सांगितली. माझ्या आवाजासारखा आवाज तुम्ही काढायच्या, माझ्याहून चार पट मोठा.

त्या दुपारी तुम्ही डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. "पुन्हा सांगा मले. एका गोळीत चार?"

"हो आजी. चार औषधं एकत्र. त्यातलं एखादंच हिला त्रास देत असेल. कोणतं ते शोधायचं."

तुम्ही विचार केला. मग तोंडभर हसलात. "अस्सं सांगा ना! एका घरात चार जावा. भांडण कोण लावते ते सगळ्या सोबत असताना समजत नाई. एकेकीले घरात घ्या लागते."

तुमच्या सासरी तुम्ही चार जावा. तुम्ही सगळ्यात धाकट्या. मग काय, गोळ्यांना नावं पडली. पहिली शांता, दुसरी कौसल्या, तिसरी बेबी. चौथीला तुम्ही स्वतःचं नाव दिलं. "मी बी त होतो त्या घरात," म्हणालात. रोज गोळीचा तुकडा घेऊन सिस्टर आली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायची, "आज कोण आली वं घरात?" अन तुम्ही सांगायच्या, "अजून शांताच हाये. उद्या तिचा हिस्सा वाढवतेत." डॉक्टरीणबाईही राऊंडला आल्या की माझे हात पाहत विचारायच्या, "काय, शांता नीट वागते ना?" माझे हात रोज पाहायची तुमची सवय तिथूनच लागली.

शांता नीट वागली. कौसल्येनं जरा पोटात मळमळ केली, पण तुम्ही म्हणालात, ती तशीच हाये, कुरकुर करते, मनानं वाईट नाई. बेबी तर आल्याचं समजलंही नाही. अन चौथीचा लहानसा तुकडा पोटात गेला, अन दुपारच्या जेवणाच्या वेळी माझे तळहात खाजायला लागले. मग मान, मग कान. गळ्यावर लाल चट्टे उठले.

सिस्टरनं विचारलं, "कोणती घेतली होती?" अन माझी जीभ अडकली. आपल्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं घेत नाहीत, अन मोठ्या नणंदेचंही घेत नाहीत. औषधाचं खरं नाव इतकं अवघड की ते तेव्हा पाठ नव्हतं. मी तुमच्याकडं बोट केलं. "ह्याईच्या नावाची," म्हटलं.

शेजारची म्हातारी ओरडली, "अवं! नणंदच निंगाली!"

वार्डात असा हशा झाला की बाजूच्या वार्डातले लोक दारात आले. तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता म्हणालात, "तिकडंबी असंच. काही फुटलं, काही सांडलं, काही हारपलं, शेवटी चौथीवरच यायचं." पदर तोंडावरून लवकर निघाला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ते औषध बंद केलं. बाकीच्या तिघींवर काम होईल, जरा जास्त दिवस घ्याव्या लागतील, म्हणाल्या. मग तुम्ही त्यांना विचारलं, "मंग ते गोळी वाईट हाये का?"

"नाही हो आजी. चांगली आहे. कितीतरी लोक तिच्यानं बरे होतात. हिच्या अंगाला मानवली नाही, एवढंच."

"म्हंजे गोळीत खोट नाई?"

"अजिबात नाही."

तुम्ही पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मग तुम्ही बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसलात. डगळा तिथं वाळून गेला होता. राजूरच्या त्या घराचं तुम्ही कधी काही सांगितलं नाही, भाऊही कधी बोलला नाही. पण तिथं चौथीवर काय काय आलं असेल, ते त्या दिवशी मला कळलं. मला तेव्हा काही म्हणायचं होतं, बाई. तोंडापर्यंत आलं होतं. पण माझा आवाज मी "मी नाई येत" म्हटलं त्या दिवशीच सगळा खर्च करून टाकला होता.

घरी आल्यावर रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या देताना तुम्ही हाक मारायच्या, "शांता, कौसल्या, बेबी, चाला गं!" असा तो सगळा कोर्स पुरा झाला. थुंकी साफ निघाली. त्या दिवशी तुम्ही दहीभात केला, मला घेऊन मातामायच्या ओट्यावर गेलात, खडा जागेवर ठेवला. "उतरली माता," म्हणालात. मी हिंमत करून म्हटलं, "बाई, ते गोळ्यांचं होतं." तुम्ही हात जोडलेलेच ठेवून एक डोळा उघडला. "मातेनं बंद करवल्या, डॉक्टरनीनं चालू केल्या. दोघीनं मिळून केलं. तू मधात नोको पडू." मी मधात पडले नाही. दहीभात मात्र दोन वेळा घेतला.

तुमच्या छातीत दुखलं तेव्हा कापूस फुटून पांढरा झाला होता. त्याच दवाखान्यात नेलं. नाकाला नळी होती, बोलणं तुटक होतं. नवी सिस्टर कानाशी वाकून विचारत होती, "आजी, कोणत्या औषधाचा त्रास होतो का? कशाचं वावडं?"

तुम्ही डोळे उघडले. हात उचलवत नव्हता, तरी बोट माझ्याकडं केलं.

"मले नाई. हिले हाये. हिचं लिवून घ्या."

"आजी, पेशंट तुम्ही आहात."

"हाव, मी हाये. पन हे बोलत नाई. हिचं लिवून घ्या."

त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आल्या नाहीत. तुमचं शेवटचं बोलणं हेच. मी रडले, खूप रडले. पण बाई, खरं सांगते, बाहेर आल्यावर व्हरांड्यात मला हसूही आलं. मरतानाही तुम्ही माझंच बोलणं बोलून घेतलं.

आता कालची गोष्ट सांगते, तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

तुमची तेरवी झाल्यावर मला सर्दीतापानं धरलं. सरकारी दवाखान्यात गेले. लाइनीत सगळं आपलंच गाव, मागं काशीमावशी. नवा डॉक्टर, पोरगाच म्हणा. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या औषधाची ॲलर्जी?"

मी सवयीनं मागं पाहिलं. तुम्ही उत्तर द्याल म्हणून. मागं काशीमावशी होती.

मग मीच सांगितलं. "टीबीच्या औषधातलं एक हाये. पायराझिनामाइड."

त्यानं मान वर केली. "अरे वा. एवढं अवघड नाव पाठ आहे."

"आमच्या घरी त्याले सोपं नाव हाये."

"कोणतं?"

बाई, माझा हात पदराकडं गेला. मला तुमचं ऐकू आलं, दवाखान्यात अन देवापुढं खोटं बोलू नाई. अन मी नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. धुऱ्यावरून हाक मारावी तसं.

"गिरजा!"

"अवं माय!" काशीमावशी किंचाळली. "नणंदेचं नाव घेतलं हिनं! भर दवाखान्यात!" मग ती हसायला लागली, मग सगळी लाइन हसायला लागली, कारण ती गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती, तुम्हीच सांगितलेली. डॉक्टर बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला.

मी त्याला म्हटलं, "गोळी चांगली हाये, साहेब. तिच्यात खोट नाई. मलेच मानवली नाई."

"अन नणंद?" काशीमावशीनं मागून विचारलं.

त्या दिवशी खिडकीपाशी तोंडापर्यंत येऊन राहून गेलेलं, ते आता आलं.

"नणंद मानवली," मी म्हटलं.